सरकार कुठवर असावे?



पऱ्हाटी फुटायला लागली की तिवस्याच्या बाजारात दोन प्रश्न हमखास कानावर येतात. कापूस कुठे घालायचा, हा पहिला. आणि सरकार काय करून राह्यलं, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर त्या दिवशीच्या भावावर अवलंबून असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र बोलणारा कोण, त्यावर अवलंबून असते. एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एक म्हणतो, सरकारने सगळा कापूस स्वतः घ्यावा. दुसरा म्हणतो, सरकारने फक्त आमच्या वाटेतून बाजूला व्हावे, बाकी आम्ही बघून घेऊ. दोघांच्या सातबाऱ्यावर कापूसच असतो, दोघांच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज असते. मग मतात एवढे अंतर कसे?

हा वाद काही आपल्याच बाकावरचा नाही. अमेरिकेत तर दोन मोठे पक्ष याच वादावर उभे आहेत. तिथल्या जुन्या वळणाच्या मंडळींचे म्हणणे असे की सरकारने सैन्य, पोलीस आणि कोर्ट नीट सांभाळावे, कर थोडा घ्यावा, आणि माणसाला त्याच्या कुटुंबावर, शेजारावर, धर्मावर आणि मेहनतीवर सोडावे. फुकटचे दिले की माणूस पांगळा होतो. दुसरी बाजू, जिला तिकडे उदारमतवादी म्हणतात, ती म्हणते की बाजार हा बळी तो कान पिळी असा आहे. दुबळ्याच्या बाजूने कोणीतरी उभे राहायला हवे, आणि एवढे बळ सरकारशिवाय कोणात आहे? शाळा, दवाखाना, म्हातारपणाची तजवीज ही सरकारचीच कामे.

इथे नावांचा एक घोटाळा आहे, तो आधी सोडवतो. उदारमतवाद हा शब्द एकोणिसाव्या शतकात विलायतेत रुजला तेव्हा त्याचा अर्थ 'सरकारने माणसाच्या व्यवहारात कमी हात घालावा' असा होता. अमेरिकेत तो पुढे उलटा फिरला. आपले शरद जोशी उदारमतवादाची बाजू मांडत ती त्या जुन्या अर्थाने. म्हणून मी नावे बाजूला ठेवतो आणि सरळ विचारतो, सरकार जास्त की सरकार कमी?

आपल्या भागाजवळ हा प्रश्न एकदा फार मोठ्याने विचारला गेला. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. पंडित नेहरूंच्या आग्रहाने तिथे ठराव झाला की पुढेमागे शेती सहकारी पद्धतीने एकत्र करावी, धुरे मोडून सामायिक कसावी. चौधरी चरणसिंगांनी तिथेच विरोध केला. त्यांचे म्हणणे, जमीन लहान असो, पण ती माझी आहे म्हणूनच शेतकरी पहाटे उठून तिच्यावर जातो. राजाजींनी तर त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष काढला. लायसन-परमिट राज हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला तो त्यांनीच. नेहरूंना काळजी तुकड्यांची, चरणसिंगांना काळजी मालकीची. शेतकऱ्याचे भले दोघांनाही हवे होते. धुरे काही मोडले नाहीत, ठराव कागदावर राहिला. आज दीड-दोन एकरांचे तुकडे बघतो तेव्हा नेहरूंची काळजी खोटी नव्हती असे वाटते, आणि शेजाऱ्याशी वीतभर धुऱ्यावरून चाललेली कोर्टबाजी बघतो तेव्हा चरणसिंग माणसाला ओळखून होते हेही पटते.

पण आपल्या घरात हा वाद शिरला तो कापसाच्या गाडीवर बसून.

१९७१ साली महाराष्ट्रात कायदा झाला आणि १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. मध्ये एक हंगाम ती बंद राहिली, १९७४ पासून पुन्हा चालली. राज्यात पिकलेला कापूस फक्त सरकारने घ्यायचा, म्हणजे सरकारच्या वतीने पणन महासंघाने. आपण त्याला फेडरेशनच म्हणत आलो. व्यापाऱ्याला खरेदी बंद, आणि शेतकऱ्यालाही राज्याबाहेर कापूस नेणे बंद.

आज ज्यांचे वय पस्तिशीच्या आत आहे त्यांना ही योजना म्हणजे नुसता सरकारी हट्ट वाटतो. तसे नव्हते. मूळ कल्पना चांगली होती, ती नीट समजून घ्या. व्यापारी कापूस घेई तेव्हा आपला संबंध काट्यावर संपे. पुढे त्याची रुई किती निघाली, गाठी कितीला गेल्या, सरकी कुठे विकली, त्यातला नफा कोणाच्या घरी गेला, हे आपल्याला कळायचे कारणच नव्हते. एकाधिकारात शेतकऱ्याने कापूस विकायचा नव्हता, सोपवायचा होता. सोपवताना हमीच्या दराने रक्कम ठरे. मग फेडरेशन जिनिंग करणार, गाठी आणि सरकी विकणार, खर्च वजा जाता जास्त उरले तर हंगामाच्या शेवटी बोनस देणार. त्या जास्तीतला काही भाग वाईट सालासाठी निधीत राखून ठेवायचा. घरची बाई चांगल्या सुगीत कणगीच्या तळाला चार पायल्या दाबून ठेवते, तसाच हा हिशेब. सुरुवातीच्या काही सालांत बोनस हाती आला, आणि ज्यांच्या हाती आला ते अजून त्याची आठवण काढतात.

बिघडले कुठे? एक तर चुकारा. हमीच्या दराचे पैसेसुद्धा एकदम मिळत नसत, हप्त्यांनी मिळत. त्यातून सोसायटीचे कर्ज आधीच कापून जाई. बँकेला ही सोय फार आवडे, वसुलीसाठी दारोदार फिरावे लागत नसे. घरात लग्न निघालेले असो की कोणी दवाखान्यात पडलेले असो, चुकाऱ्याची चिठ्ठी खिशात आणि खिसा रिकामा. दुसरे म्हणजे प्रत. ग्रेडरने बोंडाकडे बघून एक आकडा म्हटला की वर्षाची मेहनत त्या आकड्यावर. तो चुकला तर कोणाकडे जायचे? गाडी परत घेऊन जायची तर नेणार कुठे? दुसरीकडे विकणे हा तर गुन्हा.

आणि तिसरी गोष्ट, जी सगळ्यात मोठी, ती म्हणजे राज्याची सीमा. वरूड ओलांडले की मध्य प्रदेश, पांढुर्णा. ज्या साली बाजारात तेजी असे त्या साली पलीकडचा व्यापारी फेडरेशनपेक्षा जास्त देई, मग आपला कापूस रात्रीच्या अंधारात तिकडे जाई. ज्या साली मंदी असे त्या साली फेडरेशनचा हमीदर पलीकडच्यापेक्षा जास्त, मग परराज्यातला कापूस गुपचूप इकडे येई. विचार करा मंडळी, स्वस्ताईच्या साली परक्याचाही कापूस महाग दराने घ्यायचा, आणि महागाईच्या साली आपलाही हाती लागायचा नाही. अशी दुकानदारी कोणाची चालेल? त्यात निवडणूक जवळ आली की दर ठरवताना बाजाराकडे बघायचे की मतपेटीकडे, हे उघडच आहे. कणगीच्या तळाशी काही उरले नाही. तोटा हजारो कोटींत गेला. २००२ च्या सुमारास व्यापाऱ्यांना खरेदी मोकळी झाली आणि एकाधिकार संपला.

शरद जोशींनी हेच दुखणे बोलून दाखवले. हा माणूस टपाल खात्यातला मोठा अधिकारी, स्वित्झर्लंडमध्ये नोकरी. ती सोडून १९७७ च्या सुमारास पुण्याजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसला. १९७९ मध्ये शेतकरी संघटना निघाली. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा वऱ्हाडातल्या भिंती-भिंतींवर होती, अनेकांना आठवत असेल. त्यांचे सांगणे थोडक्यात असे, की सरकार शेतकऱ्याला एका हाताने खताची सबसिडी देते आणि दुसऱ्या हाताने भाव पाडून त्याहून जास्त काढून घेते. तेव्हा देणेही नको, घेणेही नको, आम्हाला मोकळे सोडा. जातीने शेतकरी आणि अंगावर लाठ्या झेललेली माणसे 'सरकार कमी करा' म्हणून रस्त्यावर बसली, हे जगात फार ठिकाणी घडलेले नाही. इतर देशांत ही भाषा सहसा गिरणीवाल्यांची असते.

आमच्या परिचयाच्या एका घरात मागल्या दिवाळीला बापलेकाची यावरून जुंपली. म्हातारबा म्हणाले, "फेडरेशन होतं तवा सावकाराच्या दारात तरी जा लागत नोतं. आता खेडा खरेदीवाला येते, काट्यात मारते, कट्टी लावते, अन् वरतून म्हनते उपकार केले."

लेक म्हणाला, "बाबा, चुकारा कवा भेटे, थे बी सांगा ना. अन् पांढुर्ण्याले भाव जास्त असला तं आपल्याले चोरावानी जा लागे. आपलाच माल, अन् आपनच चोर?"

"अरे पन पडत्या साली कोन घेतलं असतं तुहा कापूस?"

"अन् चढत्या साली कोन लुटला, बाबा?"

आत चुलीजवळून माय बोलली, "तुमी दोघंही खरं बोलून राह्यले. आता जेवून घ्या, राशनचा तांदूळ शिजला."

त्या माउलीने हसत सांगितले खरे, पण मला ते फार मार्मिक वाटले. दोघेही खरे आहेत, कारण म्हातारबा पडत्या सालाबद्दल बोलतात आणि लेक चढत्या सालाबद्दल. आणि दोघांच्याही ताटात २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचा तांदूळ आहेच.

माझे मत विचाराल तर एकाधिकारात खोट सरकार खरेदीला उतरले ही नव्हती. खोट दुसरे दार बंद केले ही होती. सरकारचा काटा आणि व्यापाऱ्याचा काटा समोरासमोर असता तर ग्रेडरही सरळ वागला असता आणि व्यापारीही. शेतकऱ्याला गाडी वळवता आली पाहिजे. एकच दार असले, मग ते सरकारचे असो की सावकाराचे, की दारवानाची मिजास वाढतेच.

लेकाचे म्हणणे मात्र मी अर्धेच मान्य करतो. सरकार बाजूला झाले म्हणतात, पण ते खरोखर कधी होते का? मार्च २०१२ मध्ये केंद्र सरकारने एका दिवसात कापसाची निर्यात बंद केली. ओरड झाली तेव्हा आठवडाभरात निर्णय फिरवावा लागला, पण तेवढ्यात भावाला धक्का बसून गेला. २०२१ मध्ये परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क लावले होते. ते ऑगस्ट २०२५ मध्ये माफ केले आणि ती माफी डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत लांबवली, म्हणजे नेमका आपला नवा कापूस बाजारात येण्याच्या दिवसांत. सूतगिरण्यांना स्वस्त रुई हवी होती. त्यांचीही अडचण असेल, मी नाही म्हणत नाही. पण भाव चढला की सरकार मागच्या दाराने आत, आणि भाव पडला की 'बाजार मोकळा आहे' असे उत्तर, याला सरकार कमी झाले म्हणत नाहीत.

आणि ज्या अमेरिकेपासून सुरुवात केली तिथले बघा. तिथे सगळ्यात जास्त कापूस टेक्सासमध्ये पिकतो. ते राज्य जुन्या वळणाचे, सरकारचा हात नको म्हणणारे. पण कापसाची सबसिडी आली की तिथला शेतकरी हात मागे घेत नाही. ती सबसिडी इतकी, की ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली, खटला जिंकला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. आपला शेतकरी बाजारात उतरतो तो अशा गड्यांसमोर. मोकळ्या आखाड्यात लढायला हरकत नाही, पण समोरच्याच्या पाठीशी त्याचा सरकारी खजिना उभा आहे हे ठाऊक असावे.

आता थोडे कडू बोलतो, राग मानू नका. कापसाचा भाव आणि कर्जमाफी म्हटली की आपण सगळे जास्त सरकारवाले असतो. २००८ ची कर्जमाफी, २०१७ ची, २०१९ ची, कोणी नको म्हटले नाही. पण रोजगार हमीचे नाव निघाले की तोच माणूस एकदम अमेरिकेतल्या जुन्या वळणाच्या गृहस्थासारखा बोलू लागतो. फुकट दिले, मजूर आळशी झाले, वेचणीला बाया मिळत नाहीत. रोजगार हमी ही आपल्या महाराष्ट्राची देणगी आहे. वि. स. पागे यांनी ती सुचवली, १९७२ च्या दुष्काळात तिने माणसे जगवली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेऊन खेड्यातल्या मजुराला काम देण्याचा हक्क त्यात होता. मातीची पाटी डोक्यावर घेऊन मिळालेल्या मजुरीला फुकट म्हणायचे आणि माफ झालेल्या कर्जाला हक्क म्हणायचे, हे मला जमत नाही. वेचणीच्या दिवसांत मजुरांची ओढाताण होते, ती खरी आहे. त्यासाठी हमीची कामे वेचणी संपल्यावर काढा असे ग्रामसभेत सांगता येते. पण मजुराला दुसरे दार नकोच, असे आपण म्हणू लागलो तर आपल्यात आणि त्या जुन्या ग्रेडरमध्ये फरक काय?

बायांच्या नावावर जमीन, या बाबतीत दोन्ही वाटा शेजारी शेजारी चाललेल्या दिसतात, म्हणून तेही सांगतो. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले, आणि पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. कायदा नाही, सक्ती नाही, नवऱ्याने आपणहून थोडी तरी जमीन बायकोच्या नावे करायची. गावेच्या गावे त्यात उतरली. दुसरीकडे कायद्यानेही पाऊल टाकले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि साऱ्या देशाने २००५ मध्ये वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. कायदा प्रत्येक गावात पोचला, पण घराच्या उंबऱ्याशी थबकला. भाऊबीजेच्या आसपास हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतली जाते हे आपण सगळे जाणतो. उलट लक्ष्मीमुक्ती उंबऱ्याच्या आत गेली, पण संघटनेचा जोर होता तेवढ्याच गावांत. मला दोन्ही हवे आहेत. मनाने देणारा नवरा भेटला नाही तर त्या बाईने कोणाकडे बघायचे?

आणि आपण तिवस्याचे, तेव्हा मोझरीला वगळून कसे चालेल? तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज उभे केले ते आपल्याच तालुक्यात. ग्रामगीतेचे ४१ अध्याय वाचले तर ध्यानात येते की सरकार जास्त की कमी, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. गाव झाडायचे कोणी, भांडण मिटवायचे कोणी, शिकवायचे कोणी, याला त्यांचे उत्तर होते, गावाने. पण हेच महाराज १९४२ मध्ये सरकारशी भांडून तुरुंगात गेले होते. गावाने आपले करावे म्हणजे सरकारला जाब विचारू नये, असे त्यांच्या मनात नव्हते. तसेच पापळचे पंजाबराव देशमुख. १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था काढली ती लोकांच्या बळावर. पण सावकारी कर्जाच्या फासाला गाव एकटे पुरे पडणार नाही हे त्यांनी ओळखले होते, म्हणून मध्य प्रांताच्या मंत्रिपदावर असताना कर्जलवाद कायद्यासाठी झटले, तो १९३३ मध्ये झाला. शाळा लोकांनी काढली, कर्जाचा कायदा सरकारने केला, आणि दोन्हीमागे माणूस एकच.

वेचणीपुरते बोलायचे तर दुसरे दार उघडे आहे, ते सीसीआयचे. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. तो पुरा हवा असेल तर ओलावा ८ टक्क्यांच्या आत लागतो. १२ पर्यंत घेतात पण पैसे कापून, आणि त्यापुढे गाडी परत. म्हणून सकाळच्या दवातला कापूस लगेच भरू नका, दोन दिवस उन्हात पसरा. त्या हंगामापासून आधी मोबाईलच्या ॲपवर नोंदणी करावी लागते, सातबारा आणि पीक पाहणीची नोंद लागते, मग तारीख मिळते. वर सांगितलेल्या घरातल्या म्हातारबांना ते जमत नव्हते, लेकाला व्यापाऱ्याची घाई होती. शेवटी नोंदणी सुनेने केली. निम्मा कापूस खेडा खरेदीत गेला, निम्मा सीसीआयला.

तुमच्या गावात किती घरांची नोंदणी झाली, कितींची अडली आणि कोणत्या कागदावर अडली, ते पोस्टकार्डावर लिहून कळवा. गावाचे नाव स्पष्ट लिहा, बाकी नावे नसली तरी चालतील.